जानेवारीत स्पितीतील गोठलेल्या धबधब्यांवर आरोहण : कपडे, बूट आणि हातमोजे यांविषयी मार्गदर्शन हवे

करवीरचा_वाटसरू

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरातील चार मित्र येत्या जानेवारीत स्पिती खोऱ्यात गोठलेल्या धबधब्यांवर आरोहण करण्यासाठी जाणार आहोत. सोबत तेथील प्रशिक्षित स्थानिक मार्गदर्शक असतील आणि सुरुवातीचे सर्व आरोहण वरून दोर लावलेल्या सोप्या टप्प्यांवरच होईल, असे ठरले आहे. आमच्यापैकी दोघांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्यामुळे क्रॅम्पॉन (बुटाखाली बसवायचे धातूचे दात) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) यांची ओळख आहे. परंतु तो अभ्यासक्रम उन्हाळ्यातला होता आणि हिमनदीवरचा सराव स्वच्छ उन्हात झाला होता. उणे वीस अंशांच्या आसपास दिवसभर उघड्यावर राहण्याचा अनुभव आमच्यापैकी कोणालाही नाही.

आमची सगळी जडणघडण सह्याद्रीतली आहे. आषाढातल्या पावसात पन्हाळा ते पावनखिंड चालणे आणि हिवाळ्यात कातळावर प्रस्तरारोहण करणे, हीच आमची शिदोरी. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांवर उतरला की रंकाळ्यावर फिरायला येणारी मंडळी कानटोप्या काढतात, तेव्हा येथील दुकानांत आणि आमच्या कपाटांत किती गरम कपडे असतील, याचा अंदाज तुम्हाला येईलच.

माझ्या मनात मुख्य प्रश्न असा आहे की, जाड कपड्यांचे एकावर एक थर चढवले तर चढताना हालचाल होत नाही, आणि कमी घातले तर थंडी सोसवणार नाही. मग यात मेळ कसा घालायचा? बूट विकत घ्यावेत की भाड्याने घ्यावेत? हातमोजे किती प्रकारचे लागतात? शिवाय घरी पट्टणकोडोलीहून आणलेले आजोबांचे उत्तम घोंगडे आहे, ते सोबत न्यावे, असा आईचा आग्रह आहे. त्याचा तेथे खरोखर उपयोग होईल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

हिमरेषा

नमस्कार. प्रश्न योग्य वेळी विचारलात, कारण यातल्या काही गोष्टींची तयारी दोन महिने आधीपासूनच करावी लागते.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करा. गोठलेल्या धबधब्यावर माणूस चढत असताना सहसा गारठत नाही, तो खाली उभा राहून जोडीदाराला बिले देत, म्हणजे त्याचा दोर सांभाळत असताना गारठतो. चढणारा अर्ध्या तासात घामाघूम होऊन उतरतो आणि त्यानंतरचा तासभर त्याला दोर हातात धरून जवळजवळ स्तब्ध उभे राहायचे असते, तेही बहुधा सावलीत, कारण ज्या भिंतीवर ऊन पडत नाही तेथेच बर्फ टिकतो. अंगावरचा घाम कपड्यांत मुरलेला असेल तर याच तासाभरात तो सगळी ऊब खेचून नेतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून कपड्यांची सारी आखणी मुळात घाम न येऊ देण्यासाठी आणि आलाच तर तो त्वचेपासून दूर नेण्यासाठी करायची असते. पायथ्याशी पोहोचून चढायला सुरुवात करताना तुम्हाला किंचित थंडी वाजत असली पाहिजे. त्या वेळी अगदी उबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे, असे खुशाल समजा.

त्वचेला लागून असलेला कपडा मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा असावा. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स यांपैकी काहीही नको, कारण सुती कापड ओले झाले की ओलेच राहते. त्यावर पातळ फ्लीस आणि त्यावर वारा अडवणारे, पाणी झटकणारे बाहेरचे जाकीट, एवढ्यावर चढाई होते. आता तुमच्या प्रश्नातल्या मेळाविषयी. चढताना जे घालायचे नाही, असे एक मोठे, जाड, टोपी असलेले जाकीट सॅकमध्ये सर्वांत वर ठेवायचे आणि उतरल्याबरोबर, अंग अजून गरम असतानाच, सगळ्यावरून चढवायचे. ते हार्नेसवरून (कमरेच्या व मांड्यांच्या सुरक्षा-पट्ट्यांवरून) आणि हेल्मेटसकट डोक्यावरून घेता येईल इतके सैल हवे, आणि त्याची चेन खालूनही उघडणारी असावी, म्हणजे बिले देण्याचे उपकरण झाकले जात नाही व डोळ्यांसमोर राहते. हे जाकीट कृत्रिम तंतूंचे घ्या. पिसांचे जाकीट वजनाला हलके आणि कोरडे असेपर्यंत अत्यंत उबदार असते, पण पिसे भिजली की त्यांचा फुगवटा बसतो आणि त्यांत कोंडलेली हवाच नाहीशी होते. वाहते पाणी आत ठेवून वरून गोठलेल्या धबधब्यावर पाणी ठिबकतेच.

बूट हा खर्चाचा सर्वांत मोठा भाग आहे आणि तेथे काटकसर करू नये. तुमचे सह्याद्रीतले बूट येथे पूर्णपणे निरुपयोगी आहेत, कारण त्यांचा तळवा वाकतो. क्रॅम्पॉनच्या पुढच्या दोन दातांवर सगळे वजन तोलायचे असल्याने तळवा ताठ हवा, आणि टाचेला व पुढे चवड्याला क्रॅम्पॉन अडकवण्याची खाच हवी. बुटांच्या वर्गीकरणात यांना बी-३ म्हणतात आणि त्यांना सी-३ वर्गाचे क्रॅम्पॉन बसतात. स्पितीच्या जानेवारीसाठी आतला अस्तर-बूट वेगळा काढता येणारे दुहेरी बूट घ्यावेत, कारण ते अस्तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपता येते आणि सकाळी पाय कोरड्या, उबदार बुटात जातात. असे बूट महाग असतात. पहिल्याच खेपेला विकत न घेता मार्गदर्शकांकडून किंवा मनालीहून भाड्याने मिळवा, मात्र आपल्या पायांचे माप त्यांना आधी कळवून ठेवा.

बूट घट्ट असणे हा पायाची बोटे गारठण्याचा सर्वांत मोठा मार्ग आहे, कारण दाबलेल्या पायात रक्त फिरत नाही आणि नेमके त्याच वेळी माणूस आणखी एक मोजा चढवून तो दाब वाढवतो. ज्या मोज्यांसह चढणार आहात तेच घालून बूट चढवा. बोटे आत मोकळेपणाने हलली पाहिजेत आणि जिन्याच्या पायरीच्या कडेवर केवळ चवडे टेकवून उभे राहिल्यावर टाच उचलली जाता कामा नये. निघण्यापूर्वी पायाची नखे कापा, कारण दिवसभर बर्फावर लाथा मारताना बोटे पुढच्या भिंतीवर आदळतात आणि वाढलेली नखे काळी पडतात.

हातमोजे प्रत्येकी किमान तीन जोड हवेत. चढण्यासाठी पातळ, पकड असलेले. उभे राहण्यासाठी जाड, शक्यतो बोटे एकत्र ठेवणारे. आणि चढण्याच्या मोज्यांचा आणखी एक कोरडा जोड. जाड हातमोजे घालून चढू नका. कुऱ्हाडीचा दांडा जाणवत नाही, म्हणून माणूस तो अधिक आवळून धरतो, आणि आवळलेल्या मुठीत रक्त पोहोचत नाही. वापरात नसलेला जोड जाकिटाच्या आत, पोटाशी ठेवावा. दोरीने मनगटाला बांधलेला मोजा वाऱ्याने उडून जात नाही, हेही लक्षात असू द्या. उंचीवर एक हातमोजा गमावणे ही क्षुल्लक गोष्ट नाही.

घोंगड्याविषयी : दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, पण ओली झाली तरी ऊब धरते. वजनामुळे ते धबधब्यापाशी नेता येणार नाही. मुक्कामाच्या घरी मात्र अंथरुणाखाली त्याच्याइतकी चांगली वस्तू नाही. गाडीत जागा असेल तर आईचे जरूर ऐका.

सह्यकन्या

हिमरेषा यांनी लिहिलेले सगळे मला पटते, त्यात हातांविषयी थोडी भर घालते.

हात बराच वेळ डोक्याच्या वर धरून, थंडीत आणि आवळलेल्या मुठीने काम केल्यावर बोटे बधिर होतात. खाली उतरल्यावर त्यांत रक्त परतू लागते तेव्हा असह्य कळा येतात, डोळ्यांत पाणी येते, कित्येकांना मळमळते. ही वेळ पहिल्याच दिवशी तुमच्यापैकी कोणावर तरी येईल, म्हणून ती आधीच माहीत असावी. काही मिनिटांत ती आपोआप ओसरते. ती टाळण्यासाठी चढतानाच दर काही फटक्यांनंतर एक हात सोडून कमरेखाली लोंबकळत ठेवायचा आणि झटकायचा. कुऱ्हाडीचा दात बर्फात नीट बसला असेल तर दांड्याच्या खालच्या आधारावर हात नुसता टेकवूनही वजन पेलते, आवळावे लागत नाही. ही सवय कोल्हापुरात लावता येते. गच्चीतल्या मजबूत आडव्या पाइपला कुऱ्हाडी अडकवून लटका आणि मूठ किती सैल सोडता येते, ते पाहा.

दुसरा सराव असा करा : हातमोजे घालून आठाची गाठ मारणे, कॅरॅबिनरचे (दोर अडकवायच्या कडीचे) कुलूप उघडणे, हार्नेसचा पट्टा परत ओवणे, क्रॅम्पॉन चढवणे आणि उतरवणे. मोजे न काढता हे सर्व सहज जमेपर्यंत करत राहा. तेथे उघडा हात धातूला लागला की त्वचा चिकटते, आणि दर वेळी मोजा काढणाऱ्या माणसाचे हात दुपारपर्यंत कामातून जातात.

तुमच्या गटात कोणी मुलगी असेल तर भाड्याच्या बुटांची मापे विशेष काळजीने विचारा, कारण लहान मापाचे दुहेरी बूट फार थोडे असतात आणि दोन मापांनी मोठा बूट मोजे भरून वापरणे मुळीच चालणार नाही. लघवीची अडचण म्हणून कमी पाणी पिणे हा मुलींमध्ये हमखास आढळणारा आणि अतिशय घातक प्रकार आहे. हार्नेसचे मांडीचे पट्टे मागून सुटणारे असावेत, उभ्याने वापरता येणारे नरसाळे मिळते ते घ्यावे आणि त्याचा घरी सराव करावा, पण पाणी कमी करू नये.

खाण्यासाठी कोल्हापूरच्या माणसाला दूर शोधायची गरज नाही. गूळ-शेंगदाण्याचे लाडू लहान आकाराचे करून न्या, म्हणजे ते गोठले तरी एका घासात तोंडात जातात. मोठी चॉकलेटची वडी त्या थंडीत दाताने तुटत नाही. लाडू बाहेरच्या खिशात न ठेवता आतल्या खिशात ठेवा आणि भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला खा.

वैद्य_इचलकरंजी

वैद्यकीय बाजूने काही आवश्यक गोष्टी लिहितो. मी स्वतः बर्फावर चढणारा नाही, परंतु उंचीवर जाणाऱ्यांना नेहमी सल्ला देतो.

थंडीच्या आधी उंचीचा विचार करा. स्पितीतील मुख्य गाव काझा साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असल्याने तुम्हाला शिमला, रिकाँगपिओ, नाको या किन्नौरच्या वाटेने जावे लागेल आणि ही सक्ती तुमच्या पथ्यावर पडणारी आहे, कारण त्या वाटेने उंची हळूहळू वाढते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये, हा सर्वमान्य नियम आहे. वाटेत कल्पा किंवा ताबो येथे मुक्काम करा आणि काझाला पोहोचल्यावर दोन दिवस आरोहण करू नका. डोकेदुखी, मळमळ, चालताना तोल जाणे, बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काही वाढत गेले तर उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचे औषध घ्यायचे की नाही, हे आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून ठरवा, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर.

हिमदंशाची सुरुवात वेदनेने होते आणि धोका वेदना थांबल्यावर असतो. बोट दुखायचे थांबले, पांढरे किंवा मेणासारखे दिसू लागले, तर ‘आता बरे वाटते’ असे म्हणून पुढे जाऊ नका. बर्फाने किंवा हाताने चोळणे, बुखारीसमोर (खोली तापवण्याच्या शेगडीसमोर) धरणे, हे दोन्ही उपाय पेशींची अधिक हानी करतात. बधिर बोटाला भाजल्याचेही कळत नाही. सुरुवातीच्या अवस्थेत सोबत्याच्या काखेत किंवा पोटाला लावून ऊब द्यावी. भाग खरोखर गोठला असेल तर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात तो पूर्ण मऊ आणि लालसर होईपर्यंत बुडवून ठेवायचा असतो, परंतु तो पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मुळीच वितळवू नये, तसाच झाकून, जपून रुग्णालयापर्यंत न्यावे.

शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. जोडीदार कुडकुडत असेल तर तो अजून लढतो आहे. तो अडखळत बोलू लागला, हातातून वस्तू पडू लागल्या, गाठ मारता येईना, किंवा कुडकुडणे थांबूनही तो चिडचिडा आणि सुस्त झाला, तर त्याच क्षणी त्या दिवसाचे आरोहण संपले, असे सर्वांनी आधीच ठरवून ठेवा. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ऊब बाहेर जाते. तंबाखू आणि सिगारेटमुळे बोटांकडचा रक्तपुरवठा आकुंचन पावतो. या दोन्ही गोष्टी कोल्हापूरलाच ठेवून जाव्यात, असे मी अगदी कळकळीने सांगतो.

आणखी एक, मुक्कामाच्या खोलीत बुखारी पेटवून दारे-खिडक्या गच्च बंद करून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

करवीरचा_वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हिमरेषा दादा, एक शंका आहे. स्पिती कोरडा प्रदेश आहे, पाऊस तर नाहीच, मग पिसांचे जाकीट का चालू नये? आमच्यातील एकाकडे चांगल्या प्रतीचे आहे आणि नवे घेणे त्याला परवडणार नाही. तसेच स्लीपिंग बॅगवर तीन वेगवेगळी तापमाने छापलेली असतात, त्यांतले कोणते धरावे? आणि वैद्य सरांनी सांगितल्याप्रमाणे काझाचे दोन दिवस आम्ही वेळापत्रकात वाढवले आहेत.

हिमरेषा

पिसांचे जाकीट असेल तर तेच न्या, नवे घेऊ नका. तुमचे म्हणणे बरोबर आहे की स्पितीची हवा कोरडी असते आणि तेथे पिसे बंगालच्या उपसागराकडच्या हिमालयापेक्षा चांगली टिकतात. फक्त पाणी ठिबकणाऱ्या भिंतीखाली ते घालून उभे राहताना त्यावरून बाहेरचे पातळ जाकीट चढवावे आणि घामट अंगावर ते लगेच न घालता आधी एक-दोन मिनिटे वाफ जाऊ द्यावी. स्लीपिंग बॅगवरच्या तीन आकड्यांपैकी केवळ ‘कम्फर्ट’ हा आकडा पाहा. ‘एक्स्ट्रीम’ म्हणून जो छापलेला असतो, तो जीव वाचण्याची मर्यादा दाखवतो, झोपेशी त्याचा संबंध नाही. रात्री उकळते पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवा. सकाळी तेच पिण्याचे पाणी होते. दिवसा बाटली उलटी ठेवली तर बर्फ तळाशी धरतो आणि तोंड मोकळे राहते. नळीने पाणी पिण्याची पिशवी नेऊ नका, नळी पहिल्या तासात गोठते.

उभे राहण्याच्या जागेविषयी लिहायचे राहिले होते. बिले देणाऱ्याने आरोहकाच्या थेट खाली कधीही उभे राहू नये, बाजूला आणि शक्य असल्यास कातळाच्या आडोशाला राहावे. उणे पंधराच्या खाली बर्फ ठिसूळ होतो आणि कुऱ्हाडीच्या फटक्यासरशी ताटलीसारखे तुकडे सुटून येतात. हेल्मेट पायथ्याला पोहोचण्यापूर्वीच डोक्यावर असावे आणि त्याखाली फक्त पातळ टोपी, कारण जाड लोकरी टोपीवर हेल्मेट नीट बसत नाही. पायाखाली फोमच्या चटईचा एक तुकडा टाका. सॅकमध्ये त्याचे वजन जाणवतही नाही आणि तासभर बर्फावर उभे असलेल्या पायांना त्याने फार मोठा फरक पडतो.

दोर पाणीरोधक प्रक्रिया केलेला असल्याची मार्गदर्शकांकडून खात्री करून घ्या. साधा दोर भिजला की गोठून काठीसारखा ताठ होतो आणि बिलेच्या उपकरणातून सरकत नाही. डोक्यावरच्या दिव्यात लिथियमच्या बॅटऱ्या घाला व सुट्या बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. काळा चष्मा सावलीच्या धबधब्यासाठी नको वाटला तरी तेथवरच्या बर्फातल्या वाटेसाठी अत्यावश्यक आहे.

भाड्याचे क्रॅम्पॉन पोलादी आहेत ना, ते पाहा. अ‍ॅल्युमिनियमचे हलके क्रॅम्पॉन या कठीण बर्फासाठी नसतात. ते काझात, खोलीच्या उबेत, स्वतःच्या बुटावर बसवून बघा. पट्टा न आवळता बूट उचलून हलवला तरी क्रॅम्पॉन निसटता कामा नये आणि पुढचे दात बुटाच्या टोकापुढे दोन ते तीन सेंटिमीटर आले पाहिजेत. लांबी जुळवण्याचा पाना आणि एक लहान कानस मार्गदर्शकांकडे असतेच. बोथट दात दिसले तर संकोच न करता तेव्हाच घासून मागा, कारण बोथट दाताला तीन लाथा लागतात, धारदार दाताला एक, आणि ती जादाची प्रत्येक लाथ घाम आणते.